शनिवारची फेरपालट

ऐक ना बे, फक्त ऐक. मधात बोलायचं नाही, "असं होतं का कुठं" म्हणायचं नाही. मला हे सांगतानाच इतका राग येऊन राहिला की एकदा थांबलो तर पुढचं सांगणार नाही.

संघमित्रा गजभिये. घरीदारी सगळे मित्रा म्हणतात. सत्तावीस वर्षांची, अंगानं काटक आणि राग नाकावर. नाकावर म्हणजे, त्याचं तिथं भाड्याचं घर नाही, स्वतःचं आहे. वर्धा रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत ती झाडं सांभाळायची. चौथ्या मजल्यावर 'क्षेमदीप' नावाची कंपनी. काम काय, तर लोकांचे दवाखान्याचे क्लेम तपासायचे आणि जमेल तितके नाकारायचे. साठ टेबलं, टेबलागणिक एक कुंडी. मित्रा कंपनीची माणूस नव्हती. झाडांचा ठेका एका नर्सरीकडे, आणि ती नर्सरीची.

तू म्हणशील, ऑफिसात झाडं सांभाळायला काय अक्कल लागते. लागते! आपलं ऊन तुला माहीत आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अठ्ठेचाळीस, अकरा ते पाच बाहेर काम करायला सरकारी बंदी. म्हणून त्या इमारतीच्या सगळ्या काचांना चंदेरी फिल्म ठोकलेली. आत भरदुपारी पण दिवेलागण. तिथं गुलाब जगत नाही, तुळस जगत नाही. जगतं ते अ‍ॅग्लोनिमा. रुंद लांबट पान, हिरव्यावर चांदीचे फराटे. दाट जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी जात, त्यामुळे थोडक्यात भागवायची सवय. बारा महिने हिरवं. इतकं शांत झाड की एक जण तीन महिने त्याला प्लास्टिकचं समजून त्यात पेनं खोचत होता.

मित्राची पद्धत ठरलेली. बोट दोन पेरं मातीत घालायचं; ओल लागली तर पाणी नाही म्हणजे नाही. पान पुसताना खालून तळहात द्यायचा आणि वरून ओलं फडकं फिरवायचं, लहान पोराचं तोंड पुसतात तसं. एसीच्या झोताखाली कुंडी दिसली की त्या टेबलवाल्याची शाळा. आणि उरलेला चहा कुंडीत ओतणारा सापडला तर? एका टीम लीडरला तिनं भर फ्लोअरवर विचारलं होतं, "साहेब, घरी पाहुण्याला पण उष्टं पाजता काय?"

प्रत्येक कुंडीखाली कंपनीनं एक पांढरी बशी ठेवलेली. तिच्यातून एक बारकी दांडी वर यायची, टोकाला मुगाएवढा काळा डोळा. सांगितलं होतं की ही बशी मातीची ओल मोजते. मित्राचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता, कारण माती चिखल असली तरी ती पाणी मागायची. आणि प्रत्येक कुंडीवर स्टिकर. टेबलाचा नंबर, आणि खाली लाल अक्षरांत: कुंडी हलवू नये.

हे वाचून मित्राला हसू आलं होतं. तिची आई तीस वर्षं नर्सरीत होती. आईनं शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की सावलीचं झाड म्हणजे अंधाराचं झाड नव्हे. लिफ्टकडच्या रांगेतली वीस टेबलं इतकी काळोखी की तिथं पेपर वाचता येत नव्हता. तिथं महिनाभर एकच झाड ठेवलं तर देठ लांबणार, पानं फिकी पडणार. मग मित्रा काय करायची, दर शनिवारी फ्लोअर रिकामा असला की फेरपालट. खिडकीच्या रांगेतल्या वीस कुंड्या लिफ्टकडे, लिफ्टकडच्या वीस खिडकीला. मधली रांग जागेवर. आणि स्टिकर हलक्या हातानं काढून अदलाबदल करायची. टेबल सतराचं स्टिकर टेबल सतरालाच राहिलं, साहेबाचा नियम पण राहिला, झाडाचा जीव पण राहिला. दीड वर्ष हे चाललं. कोणाला पत्ता नाही.

एवढं लक्षात ठेव, बस.

तर तिचा धाकटा भाऊ सिद्धांत. तेवीस वर्षांचा, पहिली नोकरी, आणि लागली ती याच कंपनीत. नवीन म्हणून टेबल मिळालं लिफ्टकडच्या रांगेत, सतरा नंबर. बहीण त्याच मजल्यावर फडकं आणि बादली घेऊन फिरते, याची त्याला जराही लाज नाही. उलट सगळ्यांना सांगायचा, "ही माझी ताई. तुमच्यापेक्षा झाडांशी जास्त बोलते, कारण झाडं कामात चुका करत नाहीत." डबा दोघं एकत्र खायचे. तो तिला चिडवायचा, "ताई, तुझं झाड आज माझ्याकडे रागानं पाहून राहिलं होतं." ती म्हणायची, "पाहील नाही तर काय. तू काम कुठं करतोस."

पाचव्या महिन्यात त्याला काढलं. 'कामगिरी समाधानकारक नाही.' अरे, पोरगा टीममध्ये दुसरा होता! बरं, गेली तर गेली नोकरी. तो दुसरीकडे मुलाखतीला गेला, तिसरीकडे गेला. सगळं छान, हस्तांदोलन, आणि दुसऱ्या दिवशी नकार. चौथ्या ठिकाणी एका बाईला दया आली. तिनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. या धंद्यातल्या सगळ्या कंपन्यांची एक सामायिक यादी असते, त्यात त्याच्या नावापुढे एक ओळ होती: रक्तविकार, सिकलसेलची दाट शक्यता, नियमित खर्च.

आपल्या विदर्भात सिकलसेल म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, फुटतात. माणूस दुखण्यानं तळमळतो. सिद्धांत त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात गेला, रक्त दिलं. रिपोर्ट एकदम स्वच्छ. पेशी वाटाण्यासारख्या गोल. तो कागद घेऊन एचआरच्या शंतनू सरांकडे गेला, आणि संध्याकाळी घरी आला तेव्हा पोराचा चेहरा असा झाला होता, की आईनं विचारलंच नाही काही, सरळ ताट वाढलं.

तो म्हणाला, "ताई, ते म्हणाले रिपोर्ट काय, कुठूनही आणता येतो. झाड खोटं बोलत नाही."

"काय म्हणाले?"

"झाड. मी पण विचारलं, कोणतं झाड? तर त्यांनी सरळ गार्डला बोलावलं."

मित्राच्या हातातली भाकर हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती सरळ शंतनू सरांच्या केबिनमध्ये. दार वाजवलं नाही. तो पस्तिशीचा गोरागोमटा माणूस, बोलणं मधाचं. वर पाहून म्हणाला, "अगं, तू झाडवाली ना? बाथरूमजवळची कुंडी जरा..."

"माझं नाव संघमित्रा गजभिये. सिद्धांतची बहीण. झाड काय सांगतं तुम्हाला?"

आधी त्यानं उडवाउडवी केली. पण अशा माणसांची एक गंमत असते बघ, आपण किती हुशार आहोत हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि समोर झाडवाली असली तर भीती पण वाटत नाही. तो सांगत गेला.

आता हे विज्ञान नीट समजून घे, मला पण दोनदा ऐकावं लागलं. आपल्या रक्तातली तांबडी पेशी मोडली की तिच्यातून थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हो, तोच, बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणूस मारणारा. पण इथं अगदी कणभर, आणि तो श्वासातून बाहेर पडतो. तुझ्या पडतो, माझ्या पडतो. सिकलसेलच्या माणसाच्या पेशी भराभर फुटतात, म्हणून त्याच्या श्वासात तो जास्त. बरं, चिखलात राहणारा एक जीवाणू असतो, त्याच्याकडे हा वायू नेमका पकडणारं एक प्रथिन आहे. लोकांनी त्या प्रथिनाचा जीन घेऊन अ‍ॅग्लोनिमात घातला. पानानं वायू पकडला की पानात एक रंग तयार होतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, पण त्या बशीच्या काळ्या डोळ्याला दिसतो. मूळ शोध चांगल्या कामासाठी होता. कोळशाच्या खाणीत, चुलीच्या स्वयंपाकघरात ठेवायला, की वायू वाढला तर आधी कळावं. आणि अ‍ॅग्लोनिमाच का? तर हे झाड कमी उजेडात महिनोन् महिने जगतं आणि सगळं सावकाश करतं. श्वास आज घेतला तर रंग चढायला आठ-दहा दिवस, उतरायला तितकेच. त्यामुळे सिगारेटवाल्याचा चढउतार त्यात मुरून जातो, रोजचा एकसारखा श्वास तेवढा उरतो.

"हवा शुद्ध करणारं झाड म्हणून ठेवलंत तुम्ही," मित्रा म्हणाली.

"तेही करतं थोडंफार," शंतनू सर हसला. "हे बघ, कोणाला सुई टोचली का? कोणाला त्रास दिला का? वाचन घेतो ते पण फक्त नव्या माणसांच्या झाडांचं. माणूस पक्का होण्याआधी कळलं, तर दोघांचंही भलं."

आठ दिवस. मित्राच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. रंग चढायला आठ दिवस. आणि मी दर सातव्या दिवशी कुंडी हलवते!

तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला. आणि त्या जाळात तिनं तोंड उघडलं. "तुमचं झाड गाढव नाही, तुम्ही गाढव आहात! दीड वर्ष झालं, मी दर शनिवारी कुंड्या बदलते. खिडकीच्या लिफ्टकडे, लिफ्टच्या खिडकीकडे. स्टिकर पण अदलाबदल करते. माझ्या भावासमोरच्या झाडानं त्याचा श्वास घेतलाच नव्हता. दुसऱ्याच माणसाचा घेऊन ते त्याच्यासमोर येऊन बसलं होतं. आता बोला!"

तिला वाटलं, हा माणूस आता पांढरा पडेल. तो खुर्चीत मागे रेलला आणि खरोखर खूश झाला.

"अरे वा. म्हणजे तो माणूस इथंच आहे. बरं झालं सांगितलंस." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. "आता एक कर. एकही कुंडी जागची हलायची नाही. तीन आठवडे. झाडं जुनं विसरतील, नवं शिकतील, कोण ते आपोआप कळेल. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी साठही झाडांचं वाचन घेऊ. मग तुझ्या भावाचं नाव यादीतून काढतो, लेखी देतो. की आत्ताच सांगतेस कोणाची कुंडी होती?"

"मला नाही माहीत," मित्रा म्हणाली, आणि बाहेर आली.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तिचे पाय थांबले. कारण तिला माहीत होतं बे! प्रत्येक झाड ती तोंडानं ओळखायची. टेबल सतराची कुंडी सत्तावन्नला जायची, सत्तावन्नची सतराला. आणि सत्तावन्नवर बसायच्या रेवती उईके.

रेवतीताई. पस्तिशीच्या, गडचिरोलीकडच्या, एकट्या राहणाऱ्या. एप्रिलमध्ये अंगावर शाल, टेबलावर दोन लिटरची बाटली, दर अर्ध्या तासाला पाणी. एसीच्या झोतासमोर फाईल उभी करायच्या. मित्राला वाटायचं, झाडासाठी करतात. म्हणून तर तिला अख्ख्या मजल्यावर त्या एकट्या आवडायच्या.

ती परत वर गेली. रेवतीताईंना पाणी पिण्याच्या जागी गाठलं आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. झाड, बशी, आठ दिवस, शंतनू सर, आणि आपण रागात काय बोलून बसलो ते.

रेवतीताई थोडा वेळ बाटलीचं झाकण लावत राहिल्या. आटे बसतच नव्हते.

"तू कोणाला विचारून सांगितलंस?" त्या म्हणाल्या. आवाज हळू, पण असा की मित्रा मागे सरकली. "पाच वर्षं झाली मला इथं. अंग फुटून राहिलं असताना हसत बसले मी त्या खुर्चीत. टॉयलेटमध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले, आणि परत येऊन फोन घेतले. आईला सांगितलं नाही मी. आणि तू, झाडं पुसणारी पोरगी, एका मिनिटात सांगून आलीस?"

"तुमचं नाव नाही घेतलं ताई."

"नाव झाड घेईल ना आता!"

मग त्यांनी सांगितलं. आता यावर इलाज आहे. आपल्याच हाडांच्या मज्जेतल्या पेशी काढतात, त्यातला बिघडलेला जीन दुरुस्त करतात, परत घालतात. एकदा झालं की झालं. पण खर्च असा की घर विकून पुरत नाही. कंपनीच्या विम्यात बसतं, आणि विमावाले कोणाला काय आजार ते कंपनीला सांगत नाहीत. रेवतीताई अडीच वर्षं रांगेत होत्या. त्यांची तारीख लागली होती, नऊ जून. अट एकच, त्या दिवशी नोकरी चालू पाहिजे.

"मेच्या पहिल्या सोमवारी मला काढतील. यादीत नाव गेलं की दुसरीकडे कोणी घेणार नाही. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसावर पुढचा झटका आला तर सांगता येत नाही." त्या शाल सावरून निघाल्या. चार पावलांवर थांबून म्हणाल्या, "तुझ्या भावाचं वाईट झालं. तो माझ्याशी रोज बोलायचा. पण मी तुला 'माझ्यासाठी काही कर' असं म्हणणार नाही. आणि 'जाऊ दे' असंही म्हणणार नाही. समजलं?"

त्या रात्री घरी जे झालं ते भांडण नव्हतं, त्याहून वाईट होतं. मित्रानं नाव सोडून सगळं सांगितलं. सिद्धांतनं नाव ओळखलं.

"रेवतीताई," तो म्हणाला. "हो ना? पाणी पीत राहतात."

मित्रानं ताट बाजूला सरकवलं.

"नऊ जूनपर्यंत झाडं नसली तर?" तिनं हळूच विचारलं. "मेली, समज. नवीन लॉट लॅबमधून यायला तीन महिने लागतात, मी नर्सरीत विचारलं. तोवर त्यांचं होऊन जाईल."

"आणि माझं?" सिद्धांत म्हणाला. "ताई, जरा डोकं लाव. त्या बऱ्या झाल्या की त्यांच्या श्वासात काही उरणारच नाही. नवीन झाडांना कोणीच सापडणार नाही. मग ते म्हणतील, बघा, सिद्धांत गजभिये गेला आणि आजार गेला. उलट पक्कं होईल ते. मी निर्दोष आहे हे दाखवणारी जगात एकच गोष्ट आहे, ती झाडं. आत्ताची. तीन आठवड्यांनंतरची."

"तू निरोगी आहेस रे. तुला कुठंतरी काम मिळेल."

"कुठंतरी!" तो उसळला. "दुकानात उभा राहीन ना, शिकलो कशाला मग? मला मान्य आहे, त्यांची चूक नाही. माझी काय चूक आहे ते सांग. चूक कोणाची आहे? कुंड्या कोणी हलवल्या?"

आई इतका वेळ चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली. "मी तुले झाडं जगवाले शिकवलं, मित्रा. मारायचं नाव काऊन काढलं तू? अन् घरच्या लेकराचं तोंड काळं करून परक्या बाईचं भलं? काही नको करू. बसून राह्य. तुले काहीच करायचं नाही, फक्त बसून राह्य, देव पाहून घेईल."

आणि हेच तर होतं बे! तिला काहीच करायचं नव्हतं. गप्प राहिली की भाऊ सुटला. कोणाचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नुसतं तीन सोमवार जाऊ द्यायचे. कोणी तिला दोष दिला नसता.

पहिला शनिवार ती गेली, पानं पुसली, कुंड्या हलवल्या नाहीत. दुसरा शनिवार गेला. लिफ्टकडच्या रांगेतल्या झाडांचे देठ लांबायला लागले होते. तिला वाटलं, सत्तावन्नची तेवढी एक कुंडी उचलून न्यावी. पण एकच गेली तर तीच बोलेल. एक मेलं तर ते सत्तावन्नचं, आणि साठ मेली तर ती कोणाचीच नाहीत. हा हिशोब तिनं केला तेव्हा, मला ती सांगत होती, तिला पहिल्यांदा कंपनीचा राग नाही आला. स्वतःच्या हातांचा आला.

तिसरा शनिवार. दुपारी दोन वाजता, सत्तेचाळीस. गार्ड म्हणाला, "आज ट्रॉली कशाला?" ती म्हणाली, "फवारणी आहे, गच्चीवर करते. आत वास मारेल." तो म्हणाला, "या उन्हात? झाडं नाही, तू मरशील." ती हसली.

दहा कुंड्या एका फेरीत. सहा फेऱ्या. गच्चीचं दार उघडलं की तोंडावर भट्टी. जमीन अशी तापलेली की चपलेचा रबर चिकटत होता. तिनं एकेक कुंडी रांगेत मांडली, मधे जागा सोडून, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. सावली द्यायला शिकलेली बाई सावली चुकवून झाडं मांडत होती! जन्मात सूर्य न पाहिलेली पानं ती. पंधरा मिनिटांत त्यांची चमक गेली. मग फराटे पिवळे पडले, कडा कागदासारख्या वळल्या, आणि पान मधूनच वाफाळल्यासारखं पारदर्शक झालं. ती बघत उभी होती आणि तोंडानं शिव्या देत होती. शंतनूला, बशीला, नर्सरीच्या मालकाला, आईच्या देवाला. शिव्या संपल्या तशी नुसतीच ओरडली.

शेवटची फेरी वर आणली तेव्हा दारात सिद्धांत उभा होता. धापा टाकत.

"आईनं सांगितलं तू ट्रॉलीचं चाक दुरुस्त करून नेलं," तो म्हणाला. "मला कळलं."

दोघांच्या मधे ट्रॉली. ट्रॉलीवर शेवटच्या दहा कुंड्या, अजून हिरव्या. मित्रानं घाम पुसला.

"सत्तावन्नची ही," ती म्हणाली. "समोरची. सोमवारी वाचन आहे. एवढी एकच आत नेऊन ठेवलीस तरी पुरे. मी अडवणार नाही, सिद्धू. आईशपथ नाही अडवणार."

त्यानं कुंडी उचलली. छातीशी धरली. पानं त्याच्या हनुवटीला लागत होती. तो जिन्याच्या सावलीत गेला, तीन पायऱ्या उतरला, आणि थांबला. मित्राला फक्त त्याची पाठ दिसत होती, खांदे हलताना दिसत होते. किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. मग तो वर आला, कुंडी दाराच्या उंबऱ्यावर ठेवली, नेमकी सावलीच्या कडेला, आणि म्हणाला, "मी नाही ठेवणार उन्हात. माझ्या हातून नाही होत. आतही नाही नेत. तू हलवतेस ना कुंड्या? तूच हलव."

आणि गेला.

कुंडी उंबऱ्यावर. ऊन एक वीत लांब. मित्रा तिच्यासमोर बसली. सवयीनं बोट मातीत घातलं, दोन पेरं. ओल बरोबर होती. तिनं एका पानाखाली तळहात दिला, ओढणीच्या टोकानं धूळ पुसली, आणि मग दोन्ही हातांनी कुंडी उन्हात ढकलली.

सोमवारी बोंबाबोंब झाली. नर्सरीनं तिला काढलं, कंपनीनं पोलिसात दिलं, तारखा चालू आहेत. तिनं एवढंच लिहून दिलं, की फवारणीला नेली आणि उचलायला विसरले. शंतनू सर म्हणाला, तू विसरणारी बाई नाहीस. ती म्हणाली, मी झाडवाली, मला काय कळतं.

नऊ जूनला रेवतीताईंचं झालं. मागच्या महिन्यात त्या एसीसमोर बिनशालीच्या बसल्या होत्या म्हणतात. मित्राला त्यांनी एकदा फोन केला. 'मी रेवती' एवढं म्हणाल्या, आणि ठेवून दिला. सिद्धांतचं नाव यादीत आहे तसंच आहे. तो सध्या एका मोबाइलच्या दुकानात उभा राहतो. घरी बहिणीशी बोलतो, पण कामापुरतं. मीठ दे, दार लाव, एवढंच. 'ताई' म्हणत नाही.

मी तिला विचारलं, चुकलं असं वाटतं का? तर माझ्यावरच भडकली. म्हणाली, मला काऊन विचारतोस, ज्यांनी झाडाला चाड्या करायला शिकवलं त्यांना जाऊन विचार.

बरोबर आहे तिचं. पण मी तुला विचारून राहिलो. तुझा सख्खा भाऊ रिकामे हात घेऊन जिना उतरून गेलाय. एक कुंडी उंबऱ्यावर आहे. आत नेली तर तो सुटतो, बाहेर ढकलली तर ती बाई. आणि अर्ध्या तासात ऊन स्वतःच उंबऱ्यावर येणार आहे.

सांग ना. तू काय केलं असतं?